सरखेल आणि तरंगता किल्ला

१६८९ सालातली एक रात्र. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान आपली तरांडी घेऊन मुंबई बंदरात शिरला आणि शिवडीच्या चिखलावर उतरला. टेकाडावरचा शिवडीचा किल्ला इंग्रजांनी जेमतेम नऊ वर्षांपूर्वी, १६८० मध्ये, अशाच स्वारीच्या धास्तीने बांधला होता. किल्ल्यात तोफा होत्या, शिबंदी होती. शिबंदीने झुंज न देताच किल्ला सोडला. सकाळ उजाडली तेव्हा शिवडी सिद्दीच्या ताब्यात होती. पाठोपाठ माझगाव गेले आणि ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर सर जॉन चाइल्ड मुंबईच्या कोटात कोंडला गेला. इंग्रज लेखकांनी सिद्दीची फौज वीस हजारांची सांगितली आहे. हरलेला माणूस शत्रूची संख्या नेहमीच वाढवून सांगतो, त्यामुळे मला तो आकडा फुगवलेला वाटतो. पण पराभव खरा होता. औरंगजेबापुढे हात जोडून, माफी मागून आणि दीड लाख रुपये दंड भरून कंपनीने सुटका करून घेतली, तेव्हा कुठे जून १६९० मध्ये सिद्दी मुंबईतून हलला.

शिवडीच्या किल्ल्यावर मी अनेकदा गेलो आहे. ओहोटीच्या वेळी तटावरून खाली पाहावे. पाणी दूर गेलेले असते आणि मैलभर नुसता करडा चिखल चकाकत असतो. हिवाळ्यात त्यावर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसते. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला अटल सेतू याच चिखलावर खांब रोवून न्हावा शेव्याकडे निघतो. त्या काळी जगात इंग्रजांइतकी चांगली गलबते मोजक्याच राष्ट्रांकडे होती. पण खोल पाण्यावाचून त्या गलबतांना हलता येत नव्हते आणि सिद्दी आला तो उथळ पाण्यातून, गुडघाभर चिखलातून. तोफ कितीही मोठी असली तरी तिला उभी राहायला जागा लागते, ही साधी गोष्ट मुंबईच्या इंग्रजांना शिवडीने शिकवली. ते शिकले नाहीत, हे पुढच्या चाळीस वर्षांच्या हकिगतीवरून दिसते. ज्याने त्यांना हा धडा पुन्हा पुन्हा गिरवायला लावला, तो माणूस या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होता आणि दक्षिणेला सुवर्णदुर्गावर त्याच सिद्दीशी लढत होता. कान्होजी आंग्रे त्याचे नाव.

आंग्रे घराणे मूळचे संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडीवरून आंग्रे हे नाव पडले. कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात चाकरीला होते. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा आणि बालपण हर्णैच्या परिसरात, म्हणजे सुवर्णदुर्गाच्या सावलीत गेले. घोड्यावर बसण्याआधी मचव्यात बसायला शिकलेली ही पिढी. संभाजी महाराजांच्या अखेरच्या काळात कोकण किनाऱ्यावर सिद्दीचा जोर वाढला आणि सुवर्णदुर्गाला वेढा पडला. किल्लेदार अचलोजी मोहिते आतून फितूर झाल्याचे ध्यानात येताच तरुण कान्होजींनी त्याला बाजूला सारले आणि किल्ला आपल्या हाती घेऊन झुंजवला. ते एका चढाईत पकडले गेले आणि कैदेतून निसटून पोहत किल्ल्यावर परतले, अशी आख्यायिका आहे. कोकणातल्या आख्यायिकांत पोहून गेल्याखेरीज नायक होत नाही, म्हणून मी तिच्यावर फार भार टाकणार नाही. किल्ला राहिला, एवढे मात्र खरे.

१६९८ मध्ये सिधोजी गुजरांच्या मृत्यूनंतर कान्होजी सरखेल, म्हणजे मराठी आरमाराचे मुख्य झाले. त्या काळी छत्रपती राजाराम महाराज मोगलांशी जीवनमरणाच्या झगड्यात गुंतलेले. आरमाराला पैसा पाठवायला कुणाजवळ काही नव्हते. सरखेलाने स्वतःच किल्ले राखायचे, स्वतःच गलबते बांधायची आणि खर्चही समुद्रातूनच काढायचा. कान्होजींनी अलिबागच्या कुलाब्याला मुख्य ठाणे केले. मुंबईच्या तोंडापासून दक्षिणेला विजयदुर्गापर्यंत त्यांचा अंमल बसला. शाहू महाराज १६ ०७ नव्हे, १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठी राज्य दुभंगले, तेव्हा कान्होजी ताराबाईंच्या पक्षात होते. शाहूंनी पाठवलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैदच केले. मग बाळाजी विश्वनाथ आले. तेही कोकणातलेच, श्रीवर्धनचे. त्यांनी तलवार न उपसता कान्होजींना शाहूंकडे वळवले. त्या तहात कान्होजींना दहा किल्ले, सोळा लहान ठाणी आणि सरखेलपद मिळाले. १७१३-१४ सालचा हा तह वरवर पाहता घरातला समझोता वाटतो. पुढे त्याची किंमत किती ठरली, ते ओघाने येईलच.

इंग्रजांशी भांडण कशाचे होते? दस्तकाचे. १४९८ मध्ये पोर्तुगीज या समुद्रात आले ते गलबतावर तोफा चढवून. त्या बळावर त्यांनी सांगितले की आमचा परवाना घेतल्याशिवाय कोणी व्यापार करायचा नाही. आमच्याच किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याने आमच्याच समुद्रात जाण्यासाठी परक्यांना पैसे मोजायचे! पोर्तुगिजांच्या मागून इंग्रजांनीही आपले परवाने विकायला सुरुवात केली. कान्होजींचे म्हणणे एवढेच होते की या किनाऱ्याचा धनी छत्रपती, आणि त्याचा सरखेल मी, तेव्हा दस्तक माझे चालेल. कंपनीचा स्वतःचा माल ते सोडायला तयार असत. पण इंग्रजी निशाणाखाली देशी व्यापाऱ्यांचा माल फुकटात पार व्हावा, हे त्यांना मान्य नव्हते. जो हक्क युरोपीय गाजवत तो व्यापार आणि तोच हक्क कान्होजींनी गाजवला की चाचेगिरी, असा तो न्याय होता. इंग्रजी पुस्तकांतून शंभर-दीडशे वर्षे कान्होजी चाचे म्हणूनच वावरले आणि आपल्याकडच्या शाळांतही काही काळ तेच शिकवले गेले, याचे मला अजून वाईट वाटते.

१७१२ मध्ये कान्होजींच्या गलबतांनी थेट मुंबईच्या गव्हर्नरचे खासगी सशस्त्र गलबत पकडले. त्यात कारवारच्या वखारीचा प्रमुख चौन मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. तीस हजार रुपये मोजून इंग्रजांनी तिला सोडवले. कंपनीला हे फार झोंबले.

आता गलबतांकडे वळू, कारण खरी गोम तिथेच आहे.

युरोपीय लढाऊ गलबत म्हणजे तरंगता वाडाच. दोन्ही अंगांना तोफांच्या ओळी, उंच डोलकाठ्या, चौकोनी शिडे. खुल्या समुद्रात, चांगल्या वाऱ्यात अशा गलबतासमोर उभे राहणे म्हणजे आत्महत्या. पण ते पाण्यात खोल बसे, त्यामुळे किनाऱ्याजवळ येता येत नसे. वारा पडला की ते जागच्या जागी लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून राही. आणि तोफा अंगाला असल्यामुळे पिछाडी जवळजवळ उघडी असे. कान्होजींची गुराब दीडशे ते तीनशे टनांची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तळ उथळ. तिची नाळ लांब, पुढे निघालेली आणि पाण्यालगत. मोठ्या तोफा या नाळेवरून समोर डागल्या जात. जोडीला सत्तर टनांपर्यंतची हलकी गलबते, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा नसला तर हीच गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेत.

पहाटे मतलई वारा पडलेला, समुद्र तेलासारखा स्थिर, आणि अशा वेळी खाडीच्या तोंडातून आठ-दहा गलबते वल्ही मारीत बाहेर पडत. ती इंग्रजी गलबताच्या पिछाडीला जात, जिथे त्याची तोफ पोहोचत नसे. नाळेवरच्या तोफांनी डोलकाठ्या आणि शिडे तोडत. गलबत लुळे पडले की भोवती कोंडाळे करून शेकडो माणसे हातात तलवारी घेऊन वर चढत. आणि बाजू उलटते आहे असे दिसले की लाज न बाळगता परत खाडीत शिरत, जिथे मोठे गलबत पाठलाग करू शकत नसे. रणांगणावर पाठ दाखवणे कमीपणाचे मानणाऱ्यांना हा प्रकार शूरपणाचा वाटत नसेल. मला तो शहाणपणाचा वाटतो.

कान्होजी नव्या यंत्रांच्या, नव्या हत्यारांच्या विरोधात होते असे मात्र कुणी समजू नये. युरोपीय गोलंदाज त्यांच्या पदरी होते. पकडलेली परदेशी गलबते ते आपल्या आरमारात घेत आणि त्यांवरच्या तोफा आपल्या तटांवर चढवत. विजयदुर्गाच्या मागे वाघोटण खाडीत गिर्ये येथे कातळ फोडून केलेली आंग्र्यांची गोदी आजही पाहता येते. भरतीला गलबत आत घ्यायचे आणि ओहोटीला कोरड्यात डागडुजी करायची. परक्यांचे जे चांगले ते घ्यावे, पण ते आपल्या खाडीला, आपल्या वाऱ्याला, आपल्या तांडेलाच्या हाताला जुळते का ते पाहून घ्यावे, अशी ही रीत होती. मुंबई बेटावर बसून योजना आखणाऱ्यांना नेमके हेच सुचत नव्हते.

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर झाला. माणूस कर्तबगार. मुंबई शहराभोवती तट त्याने उभारला. १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडले, तेही त्याच्याच कारकिर्दीत. लढाऊ गलबते त्याने झपाट्याने बांधून घेतली. कान्होजींचा बंदोबस्त करायचाच, हा त्याचा ध्यास. १७१७ मध्ये त्याचे आरमार विजयदुर्गावर गेले. तटावर गोळे आपटून काहीही होईना, आणि खाडीत शिरून आंग्र्यांची गलबते जाळावीत तर मुखाशी अडसर घातलेला. ते हात हलवत परत आले. नोव्हेंबर १७१८ मध्ये बून स्वतः खांदेरीवर चालून गेला.

खांदेरी हे मुंबईच्या दारातले बेट. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हाही इंग्रजांनी मोठी गलबते आणून वेढा दिला होता. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या माणसांनी रात्रीच्या अंधारात, लहान होड्यांतून, इंग्रजांच्या नाकासमोरून दगड, चुना आणि धान्य पोहोचवले होते. किल्ला झालाच. बूनचे गलबतही त्याच खडपांसमोर येऊन उभे राहिले. तोफा डागून झाल्या. किनाऱ्यावर उतरू पाहणाऱ्या फौजेला पाय रोवता आले नाहीत. मोहीम फसली.

या पराभवाला एक बळी लागला, तो मुंबईतलाच. रामाजी कामत हे कंपनीच्या देशी पलटणीचे वजनदार सरदार आणि धनिक. वाळकेश्वराचे देऊळ १७१५ मध्ये त्यांनीच पुन्हा उभारले. सेंट थॉमस चर्च उघडण्याच्या सोहळ्यालाही ते जातभाईंसह हजर होते. खांदेरी हाती लागली नाही, याचे कारण तोफांत किंवा खडकांत नसून फितुरीत असले पाहिजे, असे बूनच्या कौन्सिलाने ठरवले. कामतांनी कान्होजींना आगाऊ खबर दिल्याचा आळ आला, पत्रे पुढे करण्यात आली आणि १७२० मध्ये खटला चालवून त्यांना जन्मठेप झाली. मालमत्ता जप्त झाली. १७२८ मध्ये ते कैदेतच वारले. ती पत्रे बनावट होती, असे पुढे कागदपत्रे तपासणाऱ्या अभ्यासकांना आढळले. आपले हत्यार श्रेष्ठ आहे अशी खात्री असलेल्यांना पराभवाचे दुसरे कारण दिसतच नाही. ते माणूस शोधू लागतात. कान्होजींच्या चरित्रात हे प्रकरण सहसा दोन ओळींत आटपते, म्हणून मी ते जरा सविस्तर सांगितले. तोफांच्या आवाजात मुंबईतल्या एका घराची वाताहत ऐकू येत नाही.

त्याच १७२० साली मुंबईच्या गोदीत एक अजब वस्तू तयार झाली. तिचे नाव फ्राम. हे गलबत नव्हते, तरंगता बुरूज होता. तळ सपाट, त्यामुळे ती पाण्यात जेमतेम सहा फूट बसे. युरोपीय गलबताला उथळ पाण्यात जाता येत नाही ना, मग हे जाईल! बाजू इतक्या जाड की तोफेचा गोळा आत शिरू नये. वर बारा तोफा, प्रत्येकी अठ्ठेचाळीस पौंडी गोळा फेकणाऱ्या. कागदावर पाहिले तर फ्राममध्ये खोट काढायला जागा नाही. शिवडीपासून खांदेरीपर्यंत ज्या ज्या कारणाने इंग्रजांची फजिती झाली, त्या प्रत्येक कारणावर त्यात उपाय होता. वॉल्टर ब्राउन याच्या हाताखाली फ्रामसह मोठे आरमार विजयदुर्गावर निघाले.

विजयदुर्ग ज्यांनी समुद्राच्या बाजूने पाहिला असेल त्यांना त्याची उंची आठवत असेल. खडकातूनच उगवल्यासारखे तिहेरी तट आणि माथ्यावर बुरूज. फ्राम ओढत जवळ नेली आणि तोफांना बत्ती दिली, तेव्हा ध्यानात आले की तोफांच्या खिडक्या अशा काही ठेवल्या आहेत की तोफांची तोंडे हवी तेवढी वर उचलता येत नाहीत. गोळे पाण्यात पडू लागले. जगातल्या उत्तम कारागिरीचा तरंगता बुरूज समुद्रावर गोळे मारत होता! सुतार लावून दुरुस्तीची खटपट झाली. खाडीतली आंग्र्यांची काही गलबते जाळल्याचे इंग्रज लेखक सांगतात आणि ते खरे असावे. किल्ल्याला मात्र धक्का लागला नाही.

परतीच्या वाटेवर ब्राउनच्या आरमाराची गाठ चाच्यांशी पडली. हे खरेखुरे चाचे, मादागास्करच्या बाजूने आलेले आणि बहुतेक इंग्रजच. कंपनीचे कॅसांड्रा नावाचे गलबत त्यांनी नुकतेच पळवलेले होते. कान्होजींना चाचे म्हणणाऱ्या आरमाराने आपल्याच देशाच्या चाच्यांपुढे पळ काढला. जड, मंद फ्राम ओढत पळणे शक्य नव्हते, म्हणून तिला स्वतःच्या हाताने आग लावून दिली. एवढ्या खर्चाने बांधलेली ती वस्तू शत्रूच्या गोळ्याने बुडली नाही. तिच्या मालकांनाच ती नकोशी झाली.

बूनने तरी हार मानली नाही. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या राजाच्या नौदलाची चार मोठी गलबते घेऊन कमोडोर थॉमस मॅथ्यूज मुंबईला आला. गोव्याच्या पोर्तुगीज विजरईशी करार झाला. दोन युरोपीय सत्तांच्या मिळून सहा हजारांहून अधिक फौजेने डिसेंबर १७२१ मध्ये चौलला तळ दिला आणि कुलाब्यावर चाल केली. कुलाबा किल्ला ओहोटीला पायी जाता येईल एवढा जवळ आणि भरतीला चहूकडून पाण्याने वेढलेला. मॅथ्यूजची गलबते खडकांमुळे जवळ येईनात, म्हणून लढाई जमिनीवरून करायची ठरली.

आणि जमिनीवर इंग्रजांच्या आरमाराचा काय उपयोग? १७१३-१४ च्या तहाची किंमत इथे कळली. कान्होजी एकटे नव्हते. साताऱ्याहून शाहू महाराजांनी पिलाजी जाधवांना घोडदळ देऊन पाठवले, मागोमाग खुद्द पेशवे बाजीराव आले. वय वर्षे एकवीस. बाळाजी विश्वनाथांच्या मागे पेशवेपद मिळून दोन वर्षेही झाली नव्हती. इंग्रज शिड्या लावून तटाला भिडले आणि मागे रेटले गेले. तेवढ्यात मराठी घोडदळ पोर्तुगिजांच्या अंगावर कोसळले आणि त्यांची फळी मोडली. मॅथ्यूजच्या मांडीत एका स्वाराचा भाला घुसला. संतापून तो त्याच्या मागे धावला, पिस्तूल रोखले, चाप ओढला, तर ते ठासलेलेच नव्हते. राग मग दोस्तांवर निघाला. पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडावर त्याने हातातली काठी कोंबली, असे त्या मोहिमेत हजर असलेल्या क्लेमेंट डाउनिंगने लिहून ठेवले आहे. याच मॅथ्यूजला पुढे १७४४ च्या तूलाँच्या आरमारी लढाईनंतर चौकशी होऊन नोकरीतून काढून टाकले गेले. बाजीरावांनी इंग्रजांना बाजूला ठेवून जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांशी स्वतंत्र तह केला आणि दोस्ती फोडली. बून त्याच महिन्यात मायदेशी निघून गेला. सहा वर्षांत त्याने मुंबईला तट दिला, आरमार दिले. कान्होजींचा एक किल्लाही त्याला घेता आला नाही.

१७२४ मध्ये डचांनी हौस भागवून घेतली. सात गलबते, दोन बॉम्बफेकी नौका आणि फौज घेऊन ते विजयदुर्गावर आले आणि तसेच परतले. त्यानंतर कान्होजी हयात असेपर्यंत कुणी फार मोठा प्रयत्न केला नाही. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. साठीच्या आसपासचे वय, त्यातली तीसेक वर्षे सरखेलीची.

चरित्र इथे संपते, पण विषय संपत नाही, आणि पुढचे सांगितल्याशिवाय थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कान्होजींच्या मागे थोरले चिरंजीव सेखोजी सरखेल झाले. ते १७३३ मध्ये गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत वितुष्ट आले. मानाजींनी कुलाबा धरला, संभाजींनी सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग. भाऊ भावावर चालून जाण्यासाठी कधी पोर्तुगिजांची, कधी पेशव्यांची मदत मागू लागला. संभाजींच्या नंतर तुळाजी आले. दर्यावर्दी म्हणून ते वडिलांच्या तोडीचे होते, हे त्यांच्या शत्रूंनीही मान्य केले आहे. पण पेशव्यांशी त्यांचे बिनसले ते कायमचे. बाळाजी बाजीराव पेशव्यांनी, म्हणजे कुलाब्याच्या मदतीला धावून आलेल्या बाजीरावांच्या मुलाने, तुळाजींचा काटा काढायला इंग्रजांना बोलावले. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, तोच सुवर्णदुर्ग जो कोवळ्या वयाच्या कान्होजींनी झुंजवला होता. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. समुद्रातून इंग्रज, जमिनीवरून पेशव्यांचे सैन्य. इंग्रजांचा एक गोळा आंग्र्यांनी पूर्वी पकडलेल्या इंग्रजी गलबतावर पडला, ते पेटले, शेजारी दाटीने बांधलेली गलबते पेटत गेली आणि कान्होजींपासून जमवलेले आरमार काही तासांत राख झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

१७२० आणि १७५६ या दोन सालांमध्ये तोफा बऱ्याच सुधारल्या, गोलंदाजी सुधारली, वॉटसनची गलबतेही मोठी होती. हे सगळे मान्य करूनही मला वाटते की खडक तेच होते, तट तेच होते, खाडीही तीच होती. बदलली होती ती जमिनीकडची बाजू. १७२१ मध्ये त्या बाजूने मराठी घोडदळ कान्होजींच्या मदतीला आले होते. १७५६ मध्ये त्याच बाजूने ते तुळाजींची वाट अडवून उभे होते. पेशव्यांचा रागही समजण्यासारखा आहे. तुळाजी कुणालाच जुमानत नव्हते. पण शेजाऱ्याचे भांडण मिटवायला ज्याला घरात घेतले, तो काय पाहून गेला, याचा हिशेब पुण्यात कुणी केला नाही.

तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. विजयदुर्गात मिळालेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतली, पेशव्यांना त्यातला वाटा मिळाला नाही. किल्लाही ठरल्याप्रमाणे लगेच सोडला नाही. पुण्याहून मागणीमागून मागणी गेली, बोलणी चालू राहिली, आणि बदल्यात बाणकोट पदरात पाडून घेतल्यावर ऑक्टोबर १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग पेशव्यांच्या हवाली केला. पेशव्यांनी पुढे तिथे धुळपांच्या हाताखाली आरमार उभारले. १७५७ च्या जूनमध्ये, विजयदुर्ग पडून दीड वर्षही झाले नव्हते तेव्हा, क्लाइव्ह बंगालमध्ये प्लासीला होता.